पायरीचा व्यायाम, घरच्या घरी

'दिवसभर घरात काय कमी उठबस होते, म्हणून आणखी व्यायाम करायचा?' हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी विचारलेला असतो. कुणी दुसरीला, कुणी स्वतःलाच. प्रश्न काही चुकीचा नाही. पहाटे पाण्याची वेळ सांभाळायची, डबे भरायचे, मुलांची शाळा, सासूबाईंचं पथ्य, आल्यागेल्याचा चहा, आणि रात्री ओटा पुसून होईपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही. इतकं करूनही पन्नास पायऱ्या चढताना धाप लागते, गुडघे कुरकुरतात, आणि ब्लाऊज दर वर्षी उसवून घ्यावे लागतात. हे कसं काय?

याचं उत्तर असं, की थकणं आणि व्यायाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओट्याशी दोन तास उभं राहिलं की पाय दुखतात, पण हृदयाचे ठोके काही वाढत नाहीत. श्वास जोरात चालत नाही, घाम आला तरी तो शेगडीच्या धगीचा असतो. जात्यावर दळणं, आडाचं पाणी शेंदणं, उखळात कांडणं यांत आपल्या आज्यांचं अंग घुसळून निघत होतं. ती कामं मिक्सरने आणि नळाने आपल्या हातून काढून घेतली. फार बरं झालं! ते कष्ट परत यावेत असं कुणीच म्हणणार नाही. पण त्या कष्टांबरोबर छातीला आणि मांड्यांना मिळणारं कामही गेलं, आणि त्याची जागा कशानेच भरली नाही.

जोरजोराने झाडणं, फरशी पुसणं यांचा उपयोग होत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या सूचना दिल्या, त्यांत प्रत्येक हालचाल मोलाची मानली आहे. पण त्याच सूचनांत प्रौढ माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम वाढवणारा मध्यम व्यायाम सांगितला आहे. आपल्या देशाचं चित्र काय? २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय मासिकात आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि स्त्रिया ५७ टक्के. दिवसभर राबणाऱ्या आपण, आणि कमी हालचालीत नाव मात्र आपलंच पुढे!

बाहेर पडायचं म्हटलं तर

'मग सकाळी फिरायला जावं' हा सल्ला सोपा आहे. पण नगरची सावेडी घ्या, केडगाव घ्या, नाहीतर संगमनेर-श्रीरामपूरची एखादी वसाहत घ्या. सकाळी सहा ते आठ हीच घराची सर्वांत धावपळीची वेळ. त्यानंतर ऊन चढतं. उन्हाळ्यात दहा वाजता रस्ता तापलेला असतो. पदपथ असला तर त्यावर गाड्या उभ्या, कोपऱ्यावर कुत्री, आणि ट्रॅकपँट घालून भरभर चालणाऱ्या चाळिशीच्या बाईकडे वळून बघणारे डोळे. जिम आहेत, पण फी आहे, जाणं-येणं आहे, आणि 'तुम्हांला हे काय सुचलं?' हे ऐकणं आहे.

म्हणून घरचं दार लावून, टीव्हीवर किंवा मोबाइलवर व्हिडिओ लावून केलेला व्यायाम पुष्कळजणींना सोयीचा वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत ही सवय कितीतरी घरांत शिरली. त्यात आज मी स्टेप एरोबिक्सबद्दल लिहिते आहे, म्हणजे एका ठेंगण्या पायरीवर तालात चढ-उतार करण्याच्या व्यायामाबद्दल. याला जागा लागते एका चटईएवढी. खर्च नगण्य. आणि मुख्य म्हणजे यात उड्या मारायच्या नसतात. एक पाय नेहमी टेकलेला राहतो, त्यामुळे धावण्या-उड्यांपेक्षा सांध्यांना हादरे कमी बसतात आणि तरी दम भरपूर लागतो.

ही पायरी आली कुठून?

'एरोबिक्स' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवला तो केनेथ कूपर या अमेरिकी हवाईदलातल्या डॉक्टरने. १९६८ साली त्याने याच नावाचं पुस्तक लिहिलं. ज्या व्यायामात शरीर सतत प्राणवायू वापरत राहतं आणि हृदय-फुप्फुसं कणखर होतात, तो एरोबिक व्यायाम. त्यात नाचाची भर घातली जॅकी सोरेन्सन या बाईंनी. १९६९ च्या सुमारास पोर्टो रिको बेटावरच्या हवाई तळावर राहणाऱ्या सैनिकांच्या पत्नींसाठी त्यांनी हा नाच-व्यायाम बसवला. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीपायी परगावी आलेल्या गृहिणींसाठीच हा प्रकार जन्माला आला, असं म्हणायला हरकत नाही. पुढे १९८२ मध्ये जेन फोंडा या अभिनेत्रीची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि दिवाणखान्यात टीव्हीसमोर व्यायाम करण्याची लाट जगभर गेली.

पायरी आली त्यानंतर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जिन मिलर नावाच्या एरोबिक्सच्या शिक्षिका होत्या. त्यांचा गुडघा दुखावला. गुडघ्याभोवतालचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून त्यांना उपाय सांगितला गेला, तो दुधाच्या क्रेटवर चढण्या-उतरण्याचा. नुसती चढ-उतार कंटाळवाणी, म्हणून त्यांनी संगीत लावलं. त्यातून हा प्रकार उभा राहिला. पुढे रीबॉक कंपनीने पायरी बाजारात आणली आणि तो सर्वत्र पसरला. दुखऱ्या गुडघ्यापासून सुरू झालेला व्यायाम आहे हा. म्हणूनच तो नीट केला तर गुडघ्याचा मित्र आणि चुकीचा केला तर वैरी, हे आधीच ध्यानात घेतलेलं बरं.

आपल्याला ताल-ठेक्यावरचा व्यायाम नवा नाही, हेही खरं. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा खेळताना काय दम लागतो, ते खेळलेलीला विचारा! पण मंगळागौर श्रावणात येते, आणि हृदय बारा महिने चालतं.

चार इंचांचा हिशेब

चार इंचांची पायरी म्हणजे ती काय, असं वाटेल. जरा हिशेब करू. एका फेरीत चार ठोके असतात : उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. मिनिटाला १२० ठोक्यांचं संगीत असेल तर मिनिटात ३० फेऱ्या होतात. वीस मिनिटांत ६००. दर फेरीला आपण आपलं सगळं वजन चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर वर उचलतो. ६०० गुणिले १० सेंटिमीटर म्हणजे ६० मीटर. साधारण वीस मजले चढल्यासारखं झालं, तेही आपल्या खोलीत!

आठवड्यातून पाच दिवस केलं तर ३०० मीटर. आमच्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे, कळसूबाई. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. तेवढी चढण साडेपाच आठवड्यांत घरच्या घरी होते. अर्थात पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटं करायची नाहीत. ते पुढे सांगते.

पायरी कशाची घ्यावी?

बाजारात प्लास्टिकची तयार पायरी मिळते, पण तीच हवी असं नाही. सुताराकडून करून घ्यायची झाल्यास तीन फूट लांब, पंधरा-सोळा इंच रुंद आणि चार इंच उंच अशी सांगा. चारही कोपरे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. एका टोकावर उभं राहिलं तरी उलटता कामा नये. खाली रबराच्या पट्ट्या ठोकून घ्या आणि वर रबरी चटई घट्ट चिकटवा, म्हणजे पाय सरकणार नाही.

जेवायचा पाट वापरू नका. तो अरुंद असतो आणि गुळगुळीत फरशीवर सर्रकन सरकतो. चौरंग उंच पडतो. स्टूल, पालथं घातलेलं घमेलं, एकावर एक रचलेली मासिकं, यांचं नावही काढू नका. जिन्याची सर्वांत खालची पायरी चालेल असं वाटतं, पण ती बहुधा सहा-सात इंच असते. नवशिकीला ती जास्त होते.

कपड्यांचंही सांगते. साडी आणि पायघोळ गाऊन या व्यायामाला चालायचे नाहीत, पायरी चढताना काठ पायाखाली येतो. सलवार-कमीज असेल तर ओढणी काढून ठेवा आणि सलवारीची मोहरी अरुंद असू द्या. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर करू नका. साधे पण तळ घसरणार नाही असे बूट घ्या आणि ते फक्त घरात वापरायला ठेवा, म्हणजे 'घरात चपला-बूट?' ही तक्रार उरत नाही. छातीला आधार देणारं चांगलं अंतर्वस्त्र ही चैन नव्हे, गरज आहे.

पडद्यावरची बाई आपल्याला पाहत नाही

आता मुख्य मुद्दा. मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना माझं अर्धं लक्ष मागे असतं. कोण गोंधळलंय, कुणाची पेन्सिल थांबलीय, हे बघून मी पुढे जाते किंवा थांबते. व्हिडिओतली बाई थांबत नाही. ती हसत हसत 'आणखी आठ वेळा!' म्हणते, कारण तिला आपली गुडघेदुखी दिसत नाही, आपली धाप ऐकू येत नाही. ती व्यायामात मुरलेली असते आणि बहुधा आपल्याहून तरुण. तिच्याशी बरोबरी करायला गेलो की घात होतो. पडद्यावरून व्यायाम शिकायचा तर आपणच आपली शिक्षिका व्हावं लागतं.

त्यासाठी पहिल्या दिवशी व्हिडिओ नुसता बसून बघा. नवा पदार्थ करण्याआधी कृती वाचतो ना, तसा. सुरुवातीला अंग मोकळं करायला पाच-सात मिनिटं दिली आहेत का? शेवटी हळूहळू थांबवलं आहे का? मध्येच उड्या आहेत का? या तीन गोष्टी तपासा. सुरुवात आणि शेवट नसलेला व्हिडिओ सोडून द्या. संगीत फार जलद असेल तर व्हिडिओचा वेग कमी करता येतो, घरातला कुणीही शाळकरी मुलगा ते दाखवील. मिनिटाला १२० ते १२५ ठोक्यांच्या पुढे जायची आपल्याला गरज नाही, आणि नवशिकीने त्याहूनही सावकाश करावं.

मोबाइल जमिनीवर ठेवू नका. मान खाली घालून पायरी चढलं की तोल जातो. डोळ्यांच्या उंचीवर, फळीवर ठेवा किंवा टीव्हीला जोडून घ्या. आणि ती 'उजवा' म्हणाली नि आपला डावा पुढे गेला, तर बिचकू नका. ती समोरासमोर उभी असते, तिथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. दोन्ही पायांना सारखं काम मिळालं, की झालं.

पडद्यावरच्या बाईला जे दिसत नाही ते बघायला आपल्या घरातच चार परीक्षक आहेत.

पहिला परीक्षक आरसा. कपाटाच्या आरशासमोर एक-दोन दिवस करून बघा. चढताना पूर्ण पाऊल, टाचेसकट, पायरीवर यायला हवं. टाच बाहेर लोंबकळत राहिली तर पोटरीवर ताण येतो. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने राहावा, आतल्या बाजूला झुकू नये. कमरेतून वाकू नये. थोडं पुढे झुकायचंच तर सबंध शरीर घोट्यापासून झुकावं. उतरताना पायरीच्या जवळच, एखाद्या वीतभर अंतरावर पाऊल टाकावं. आधी चवडा, मग टाच.

दुसरा परीक्षक कान. पायरीवर धप्पकन आवाज आला की समजा, पाय आपटतो आहे आणि तो हादरा गुडघ्यात जातो आहे. व्यायाम बरोबर होत असेल तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना पत्ताही लागणार नाही!

तिसरा परीक्षक श्वास. व्यायाम चालू असताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येतंय तर जरा जोर वाढवा. एक शब्दही फुटत नाही तर ताबडतोब कमी करा. पायरी बाजूला सारून जागच्या जागी चाला. एकदम थांबून खाली बसू नका, भोवळ येते.

चौथा परीक्षक दुसऱ्या दिवसाची सकाळ. मांड्या-पोटऱ्या जडावल्या तर ते ठीक, दोन दिवसांत जाईल. पण गुडघ्याच्या वाटीमागे दुखलं, सांधा सुजला, जिना उतरताना कळ आली, तर पायरी थांबवायची आणि सपाट जमिनीवर करायचं. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. जो पाय आधी वर जातो त्याच्यावर जास्त भार येतो. म्हणून दर मिनिटाला पाय बदला. व्हिडिओतली बाई विसरली तरी तुम्ही विसरू नका.

धाप लागते ती चरबीचीच असं नाही

माझ्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत सांगते. वय अडतीस, दोन मुलं. हौसेने पायरी करून घेतली, व्हिडिओ लावला, आणि तीन मिनिटांतच छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. चार दिवस असंच झालं. घरात थट्टा झाली, 'सवय नाही ना, बसून बसून जड झालीस!' त्यांनाही ते पटलं, आणि पायरी पलंगाखाली गेली. पुढे दाताच्या कामासाठी रक्त तपासलं तेव्हा कळलं, हिमोग्लोबिन आठ. वर्षभर पाळीत अंगावरून भरपूर जात होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं त्यांना वाटलंच नव्हतं. औषधोपचार झाले, रक्त वाढलं, आणि काही महिन्यांनी तीच पायरी त्या पंधरा मिनिटं सहज करू लागल्या.

अशा बाया थोड्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. रक्तच पातळ, तर प्राणवायू नेणार कोण? अशा वेळी धाप लागली की आपण स्वतःला आळशी म्हणतो, घरचेही म्हणतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की पायरी करून घेण्याआधी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते. त्याबरोबर रक्तदाब आणि साखरही बघून घ्या.

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, रक्तदाब असेल, हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण-शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मधुमेह असलेल्यांनी हाताशी साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. व्यायाम करताना छातीवर दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, एकाएकी मळमळलं, नेहमीपेक्षा वेगळाच थकवा वाटला, तर 'पित्त झालं असेल' म्हणून आलं-लिंबू घेत बसू नका. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा अशाच आडवाटेने येतो. थांबा आणि दवाखाना गाठा.

आणि ज्या गोष्टीबद्दल आपण बहिणीलाही सांगत नाही, तीही लिहिते. बाळंतपणानंतर पुष्कळजणींना शिंकताना, खोकताना, उडी मारताना थोडी लघवी होते. या भीतीनेच कित्येकजणी व्यायामाला नको म्हणतात. ही लाजेची बाब नाही, स्नायू सैल पडल्याची आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच सेकंद आवळून धरायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी, भाजी निवडतानाही करता येतं, कुणाला कळतही नाही. मात्र हे प्रत्यक्ष लघवी करताना करू नये. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना भेटावं. तोवर उड्या नसलेला पायरीचा व्यायाम त्यातल्या त्यात सोपा जातो.

सहा आठवड्यांची आखणी

पहिला आठवडा : पायरी नकोच. सपाट जमिनीवर तीच पावलं शिका. एक दिवसाआड दहा मिनिटं.

दुसरा आठवडा : पाच मिनिटं अंग मोकळं करणं, पाच मिनिटं पायरी, पाच मिनिटं सावकाश चालणं. एक दिवसाआड. हात कमरेवर ठेवा, हातांच्या हालचाली नंतर शिकू.

तिसरा-चौथा आठवडा : पायरी आठ ते दहा मिनिटं. आता हातांची भर घाला. मधल्या दिवशी पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात चालणं.

पाचवा-सहावा आठवडा : पायरी पंधरा ते वीस मिनिटं. अंगाला मानवलं तर पुढे आठवड्यातून चार-पाच दिवस. उंची वाढवायची घाई करू नका. चार इंच जन्मभर पुरतात.

दर वेळी शेवटी पोटऱ्यांना आणि मांड्यांना ताण द्या. भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, आणि वीस सेकंद तसंच. मग दुसरा पाय. याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळकटीसाठी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून दहा दंड, आणि लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं, एवढं करा. पाळी जाण्याच्या वयात हाडं विरळ होऊ लागतात. स्नायू आणि हाडं टिकवायला असं ओझं लागतंच.

जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. उन्हाळ्यात सकाळी किंवा सूर्य कलल्यावर करा, पंखा चालू ठेवा आणि पाणी जवळ ठेवा.

वजनाचंही स्पष्ट सांगते. नुसत्या पायरीने महिन्यात दहा किलो उतरतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ताटातली साखर, तळण आणि चहाचे कप मोजल्याशिवाय काटा फारसा हलत नाही. पण काटा हलला नाही तरी जिना चढताना धाप कमी होते, झोप लागते, साखर-रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. वजनकाट्याऐवजी आपल्या बिल्डिंगचा जिना मोजमापाला घ्या.

अर्धा तास कुणाचा?

एवढं सगळं झालं, तरी खरी अडचण पायरीची नाही, गुडघ्याचीही नाही. ती आहे अर्ध्या तासाची. दार लावलं की बेल वाजते. 'आई, माझा मोजा कुठंय?' 'अगं, जरा चहा टाकतेस?' आणि आपणही सवयीने उठतो.

कळसूबाईची एक आख्यायिका आमच्याकडे सांगतात. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला होती. झाडलोट आणि भांडी करणार नाही, ही तिची अट. एके दिवशी घरच्यांनी तीच कामं तिला सांगितली. तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. आज नवरात्रात बाया-बापड्या तो डोंगर चढून तिच्या दर्शनाला जातात. आपण काही घर सोडून डोंगरावर जाणार नाही. पण आपली एखादी अट घरात सांगता यायला काय हरकत आहे? संध्याकाळी पाच ते साडेपाच मला हाक मारायची नाही, गॅसवर काही नाही, मोजा कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. हे शांतपणे, पण आठवडाभर रोज सांगावं लागतं. आठवड्याने मुलं शिकतात. मोठी माणसं जरा जास्त वेळ घेतात.

सासूबाईंना 'वजन कमी करायचंय' असं सांगितलं तर 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' असं उत्तर येण्याचा संभव असतो. त्याऐवजी त्यांनाच शेजारी खुर्चीवर बसवा. बसल्या बसल्या पाय उचलणं, घोटे फिरवणं त्यांनाही करता येतं, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते हवंच असतं. एकदा त्या सामील झाल्या, की तुमच्या अर्ध्या तासाची राखण त्याच करतील. मुलगी असेल तर तिला आवर्जून घ्या. आई व्यायाम करते हे पाहत वाढलेल्या मुलीला पुढे स्वतःसाठी वेळ मागताना संकोच वाटणार नाही.

तेव्हा या आठवड्यात दोनच कामं करा. रक्त तपासून घ्या आणि घरात आपला अर्धा तास जाहीर करा. पायरीचं माप सुताराला नंतर देता येईल. तोवर सपाट फरशी आहेच.